इफ्तारचं ताट आणि बाकीचे अकरा महिने

गेल्या वर्षी ऑफिसच्या आरोग्य तपासणीत माझं एचबीए१सी ६.१ आलं. ५.७ ते ६.४ म्हणजे मधुमेहाचा उंबरठा. अब्बांना पंचेचाळिशीत साखर निघाली होती. मी अजून पस्तिशीतही नाही. डॉक्टर म्हणाले, "भाज्या-फळं वाढवा." घरी येऊन मी जाहीर केलं, "आजपासून हेल्दी खायचं." ते चार दिवस टिकलं.

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. कुणी येऊन नुसतं 'ॲप चांगलं करा' म्हणालं, तर आम्ही कामाला हातच लावत नाही. चांगलं म्हणजे काय, किती, कधीपर्यंत, आणि झालं हे ओळखायचं कसं, हे आधी विचारतो. स्वतःला मात्र मी तसंच मोघम काम दिलं होतं.

मग आकडे बघितले. जागतिक आरोग्य संघटना रोज किमान ४०० ग्रॅम फळं-भाज्या खायला सांगते आणि त्यात बटाटा धरत नाही. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये दिवसाच्या २००० कॅलरींच्या आहारासाठी ४०० ग्रॅम भाज्या आणि १०० ग्रॅम फळं सांगितली आहेत. मी आठवडाभर माझं खाणं लिहून ठेवलं. बिर्याणीतला बटाटा वगळला तर बहुतेक दिवशी दीडशे ग्रॅमही होत नव्हते.

आणि मग लक्षात आलं, वर्षातला एक महिना मी रोज फळं खातो, तेही कुठलाही निश्चय न करता. रमजानमध्ये इफ्तारला खजूर असतात, कलिंगड, पपई, केळी असतात. का खाल्ली जातात? कारण फळं आधीच चिरलेली असतात, दस्तरख्वानवर समोर असतात, वेळ ठरलेली असते आणि सगळे सोबत बसलेले असतात. ईद झाली की तीच पपई फ्रिजमध्ये अख्खी पडून राहते आणि मऊ पडल्यावर टाकून दिली जाते. इच्छाशक्ती तीच, फक्त व्यवस्था बदललेली.

मानसशास्त्रज्ञ पीटर गोलवित्झर यांनी हेच सांगितलंय: नुसतं 'मी करीन' म्हणण्यापेक्षा 'अमुक वेळ झाली की तमुक करीन' असं ठरवलं, तर ते पार पडण्याची शक्यता वाढते. म्हणून मी दोनच गोष्टी ठरवल्या. ऑफिसमध्ये साडेचारच्या चहाआधी एक फळ; पेरू, केळं, जे स्वस्त असेल ते. आणि डब्यात एक चपाती कमी, भाजी दुप्पट.

दुसरी गोष्ट ऐकून बायको म्हणाली, "ध्येय तुमचं, आणि मेथी निवडायची मी?"

मला उत्तर सुचलं नाही. खरं तर या लेखात मला सांगायचंय ते हेच. 'वैयक्तिक ध्येय' म्हणून आपण जे मिरवतो, त्याचं अर्धं काम दुसऱ्याच्या वाट्याला जातं. मटण एकदा कुकरला लावलं की झालं. पालेभाजी निवडायची, धुवायची, चिरायची. आपल्या घरांमध्ये ते काम कोण करतं हे वेगळं सांगायला नको. म्हणून आता रविवारी बाजार मी करतो आणि रोज रात्री जेवणानंतर उद्याची भाजी मीच निवडून, चिरून ठेवतो. वीस-पंचवीस मिनिटं लागतात. पहिल्या आठवड्यात अम्मी बघून हसल्या, आता त्याही गवार मोडायला शेजारी येऊन बसतात.

मित्र चेष्टा करतात, "काय रे, घासफूस सुरू केलंस?" भाजी म्हणजे जणू दुसऱ्या कुणाचं तरी अन्न. पण दालच्यात दुधी कुणी घातला? पालक-गोश्त, शेपू-गोश्त कुणाच्या घरचं? आपल्या आज्या थोड्याशा मटणात भरपूर भाजी घालून सगळं घर जेवू घालायच्या. हातात पैसा आला तशी आपण बोटी वाढवली आणि भाजी काढून टाकली. कुणी काय खावं यावरून बाहेर कितीही वाद होवोत, आपल्या ताटात काय कमी आहे हे आपणच बघायला हवं. मी मटण सोडलेलं नाही, सोडा असंही म्हणत नाही.

सहा महिन्यांनी आकडा ५.९ झाला. चालणंही वाढवलं होतं, म्हणून सगळं श्रेय भाजीला देत नाही. लग्नसराईत दोन आठवडे सगळं कोलमडलं, तेव्हा पुन्हा साडेचारच्या पेरूपासून सुरुवात केली.

तुम्हीही ध्येय ठरवाल तेव्हा तीन गोष्टी लिहा: किती, कधी, आणि चिरणार कोण. तिसऱ्या रकान्यात स्वतःचं नाव नसेल, तर ते ध्येय तुमचं नाही.