दुर्बीण जठर दाखविते, स्वादुपिंड नव्हे

पोटात दुखू लागले की आपल्याकडे पहिले नाव निघते ते गॅसचे, दुसरे ॲसिडिटीचे. महिना-दोन महिने गोळ्या घेऊन झाल्या की रुग्ण चंद्रपूरला जाऊन 'दुर्बिणीची तपासणी' करून येतो. जठर ठीक असल्याचा अहवाल मिळतो आणि घरचे निर्धास्त होतात. राजुरा परिसरात हा समज इतका पक्का आहे की त्यावर लिहिणे भाग आहे. तोंडावाटे घातलेली साधी दुर्बीण अन्ननलिका, जठर आणि लहान आतड्याचा आरंभ एवढेच आतून दाखविते. स्वादुपिंड जठराच्या मागे, कण्यासमोर आडवे असते. ते या दुर्बिणीला दिसतच नाही.

वरच्या पोटात एकाएकी उठून पाठीकडे जाणारी, पुढे वाकून बसल्यावर थोडी कमी होणारी कळ आणि सोबत उलट्या असतील तर स्वादुपिंडाच्या दाहाची शंका घ्यावी. पित्ताशयातील खडे आणि दारू ही त्याची दोन मुख्य कारणे. (चंद्रपूर जिल्ह्यात २०१५ ते २०२१ दारूबंदी होती. ती असावी की नसावी हा वाद येथे नको; मात्र परवान्याची दारू कोणती आणि मोहाची कोणती, हे स्वादुपिंडाला कळत नाही.)

अशा वेळी पहिली तपासणी साधी रक्ताची असते. लायपेज किंवा अमायलेज कमाल मर्यादेच्या तिप्पट वा अधिक निघाले आणि कळ वर सांगितल्यासारखी असली की निदान झाले. सोनोग्राफीत आतड्यातील वायूमुळे स्वादुपिंड पुष्कळदा झाकले जाते. तरी ती करावीच, कारण पित्ताशयातील खडे ती चांगले दाखविते. सीटी स्कॅनची घाई बहुधा नातेवाइकांनाच असते. निदानाबद्दल शंका असेल तर तो पहिल्या दिवशीही लागतो. एरवी स्वादुपिंडाचा किती भाग निकामी झाला हे तीन-चार दिवसांनंतर अधिक नीट कळते. पहिल्या चोवीस तासांत मोल असते ते शिरेतून सलाईन देण्याला. म्हणून लायपेजची तपासणी आणि सोनोग्राफी तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात रात्रंदिवस व्हावी, ही मागणी आपल्या लोकप्रतिनिधींकडे धरायला हवी. नागपूरचे मोठे यंत्र त्यानंतरचे.

राजुरा तालुका एकेकाळी हैदराबाद राज्यात होता, १९५९ मध्ये तो चंद्रपूर जिल्ह्याला जोडला गेला. आजही बल्लारशाहून गाडी धरून उपचारासाठी हैदराबाद गाठणारे थोडे नाहीत, आणि येताना ते 'ईआरसीपी' हे नाव घेऊन येतात. दुर्बिणीतून पित्तनलिकेच्या व स्वादुपिंडाच्या नलिकेच्या तोंडात बारीक नळी घालून रंगद्रव्य सोडायचे व क्ष-किरणांनी चित्र घ्यायचे, ही ती पद्धत. १९६८ पासून ती निदानासाठी वापरली गेली. परंतु तिनेच शंभरातील तीन ते दहा जणांना स्वादुपिंडाचा दाह होऊ शकतो. आता तेच चित्र चुंबकीय तपासणीने, म्हणजे एमआरसीपीने, शरीरात काही न घालता मिळते. ईआरसीपी राखून ठेवावी ती अडकलेला खडा काढण्यासाठी किंवा नळी बसविण्यासाठी. कोणी नुसते पाहण्यासाठी ती सुचविली तर एमआरसीपीने भागेल का, असे नम्रपणे विचारावे. डॉक्टर रागावणार नाहीत.

घाई करावी ती दुसऱ्याच रुग्णासाठी. पन्नाशी उलटलेला माणूस, न दुखता आलेली कावीळ, अंगाला खाज, उतरत चाललेले वजन, कधी नव्यानेच निघालेला मधुमेह. त्याला झाडपाल्याच्या औषधावर आठवडे काढायला लावू नये. ही स्वादुपिंडाच्या डोक्यातील गाठ असू शकते. गोव्याचे मुख्यमंत्री मनोहर पर्रीकर यांच्यावर मुंबई, अमेरिका, दिल्ली असे उपचार झाले, तरी स्वादुपिंडाच्या कर्करोगाने १७ मार्च २०१९ रोजी ते गेले. इतका हा रोग कठीण आहे. गाठ वेळेत सापडली तरच शस्त्रक्रियेची संधी असते. सोनोग्राफीत पित्तनलिका फुगलेली दिसली की सीटी स्कॅन लगेच करावा, आणि तोही नळी बसविण्याआधी. नंतर चित्र गढूळ येते. स्कॅनमध्येही उलगडा झाला नाही तर टोकाला सोनोग्राफीचे यंत्र असलेली खास दुर्बीण जठराच्या भिंतीतून स्वादुपिंड पाहते आणि सुईने तुकडाही काढते.

सोनोग्राफीला सहा-आठ तास उपाशी जावे. मधुमेहाचे औषध चालू असेल तर आधी डॉक्टरांना विचारावे. नागपूरला वा हैदराबादला जाताना नुसता अहवालाचा कागद नेऊ नये, फिल्म व सीडीही न्यावी. पुष्कळदा दुसरा स्कॅन केवळ त्यांच्या अभावी करावा लागतो.