‘साई’ राहिला, ‘या’ कुठे गेला?

शिर्डीत नगर-मनमाड रस्त्याच्या कडेला उभे राहावे, डोळे मिटावेत आणि हवे त्या दिशेला बोट करावे. डोळे उघडल्यावर बोटापुढे जी पाटी असेल तिच्यावर ‘साई’ ही दोन अक्षरे असणार, अशी पैज मी कोणाशीही लावायला तयार आहे. लॉज साईचे, भोजनालय साईचे, फुलांचे दुकान साईचे, केशकर्तनालय साईचे आणि पंक्चर काढणाऱ्याची टपरीही साईचीच. रेल्वेचे स्टेशनसुद्धा नुसते शिर्डी नाही, ‘साईनगर शिर्डी’ आहे. माणसांची गोष्ट तर बोलायलाच नको. एकाच वर्गात चार साईनाथ आणि दोन साईप्रसाद असले म्हणजे हजेरी घेताना मास्तरची काय तारांबळ उडते, हे मी या भागात तीस वर्षे मास्तरकी करून भोगलेले आहे.

नावाचे असे पीक आमच्याच मातीत येते असे मात्र कोणी समजू नये. पूर्व युरोपातल्या स्लाव लोकांत ‘बोगदान’ असे एक नाव आहे. आपल्या कानाला ते घाटातल्या बोगद्याचे भावंड वाटते. पण अर्थ ऐकला तर ते आपल्या आळीतले निघते. ‘बोग’ म्हणजे देव. या शब्दाचे नाते पंडित आपल्या ‘भग’ आणि ‘भगवान’ या शब्दांशी जोडतात. ‘दान’ म्हणजे दिलेला. देवाने दिला तो बोगदान! म्हणजे आपला देवदत्त, आपला खुदाबक्ष. महाभारतातला भगदत्तही बहुधा याच घडणीचा. इकडे शिवाजीमहाराज तरुण होते त्या काळात तिकडे युक्रेनमध्ये या नावाचा एक कोसॅक पुढारी झाला, बोगदान ख्मेलनित्स्की. १६४८ साली तो पोलंडच्या सत्तेविरुद्ध उठला आणि १६५७ साली वारला. माणूस गेला, नाव राहिले. १९४३ साली सोव्हिएत सरकारने त्याच्या नावाचे लष्करी पदक काढले, १९५४ साली एका शहराला त्याचे आडनाव दिले, आणि पुढे युक्रेनच्या रस्त्यांवर ‘बोगदान’ नावाच्या बसगाड्याही धावल्या. आधी मूल, मग सेनानी, मग पदक आणि शेवटी बस! युक्रेनच्या लोकांना तो वीर वाटतो; ज्यू लोकांच्या स्मरणात मात्र त्या उठावात झालेल्या आपल्या पूर्वजांच्या कत्तलीच राहिल्या आहेत. नाव देवाने दिलेल्याचे असले म्हणून त्या नावाच्या दारात सर्वांना थारा मिळतोच असे नाही, एवढा धडा त्यातून घेतला तरी पुरे.

तोच धडा मला आता घरच्या अंगणात गिरवायचा आहे.

‘साई’ हे मुळात नावच नव्हे. त्या तरुण फकिराचे खरे नाव काय, गाव कोणते, आईबाप कोण, हे त्याने शिर्डीत उभ्या हयातीत सांगितले नाही. धूपखेड्याच्या चांद पाटलाच्या घरच्या वऱ्हाडाबरोबर तो आला. गाड्या खंडोबाच्या देवळाजवळ सुटल्या. देवळाचे पुजारी म्हाळसापती, जातीने सोनार, संसाराने दरिद्री. त्यांनी गाडीतून उतरणारा हा अनोळखी पोर पाहिला आणि म्हटले, ‘या साई!’ झाले. त्या दोन शब्दांतला दुसरा शब्द पुढे नाव होऊन बसला. ‘स्वामी’ शब्द झिजत झिजत ‘साई’ झाला असे म्हणतात. फकिराला आदराने हाक मारायची ती एक रीत. म्हणजे हे नाव आईने पाळण्यात ठेवलेले नाही की गुरूने कानात सांगितलेले नाही. दारात उभ्या राहिलेल्या परक्याला मराठी माणसाने केलेले ते स्वागत आहे.

आणि वाचकहो, त्यातला पहिला शब्द जरा हातात घेऊन पाहा. म्हाळसापतींनी ‘ये’ म्हटले नाही, ‘या’ म्हटले. अंगावर फाटकी कफनी, वय विशीच्या आतबाहेर, जात ठाऊक नाही, धर्म ठाऊक नाही, खिशात काय असणार ते दिसतेच आहे. अशा पोराला आपण आज काय म्हणतो? ‘ए, कोण रे तू?’ मराठी भाषेत माणसाची किंमत ‘ये’ आणि ‘या’ यांच्यामधल्या बोटभर अंतरात ठरते. त्या दिवशी त्या गरीब सोनाराने ती किंमत नाव विचारण्याआधीच चुकती केली. माझे म्हणणे एवढेच आहे, की ‘या साई’मधला ‘साई’ आम्ही पाटीवर चढवला आणि ‘या’ तेवढा गाळून टाकला.

पुढची गोष्टही लपवीत नाही. त्या फकिराने देवळात मुक्काम करण्याची गोष्ट निघाली तेव्हा याच म्हाळसापतींनी हरकत घेतली, असेही सांगतात. जुन्या काळचा सोवळा पुजारी तो. मुसलमान दिसणाऱ्याला देवळात कसा ठेवणार? पण ‘या’ हा शब्द एकदा तोंडातून गेला की तो माणसाला स्वस्थ बसू देत नाही. तेच म्हाळसापती पुढे रात्रीमागून रात्री त्या फकिराशेजारी पडक्या मशिदीत झोपले. एका शब्दाने माणूस देवळाच्या उंबऱ्यावरून मशिदीच्या जमिनीपर्यंत चालत गेला. याला मी नाव धारण करणे म्हणतो.

बाबांनी स्वतःही नावे ठेवली. दाभोळकरांना हेमाडपंत म्हटले, माधवराव देशपांड्यांना शामा म्हटले, आणि मशिदीला द्वारकामाई म्हटले. मशीद ती आणि नाव द्वारका. वर पुन्हा माई! तोंडात सदा ‘अल्ला मालिक’. ज्याला आमची नावांची खाती मान्य असती त्याच्या हातून अशी सरमिसळ झाली नसती. कोपरगावच्या गोपाळराव गुंडांना पुष्कळ वर्षांनी मुलगा झाला. बोगदानच तो, देवाने दिलेला. त्या आनंदात त्यांनी १८९७ साली शिर्डीत उरूस सुरू केला, तोही रामनवमीच्या दिवशी. १९१२ सालापासून त्याच दिवशी रामजन्मही होऊ लागला. कोऱ्हाळ्याच्या अमीर शक्करांचा संदल आणि रामाचा पाळणा एकाच गावात एकाच दिवशी निघाले, आणि गाव दोन्हींत चालले.

आता आमची कथा ऐका.

काही वर्षांपूर्वी मी आणि माझे एक स्नेही रात्रीच्या गाडीने साईनगर स्टेशनावर उतरलो. स्नेही मुसलमान. आम्ही दोघांनी एकाच शाळेत तीस वर्षे खडू झिजवला. त्यांच्या घरी बाबांची तसबीर त्यांच्या वडिलांच्या वेळेपासून आहे. पाऊस लागला होता, त्यांचा गुडघा दुखत होता, म्हणून पहिल्या दिसेल त्या लॉजमध्ये शिरलो. पाटीवर अर्थातच साई. गल्ल्यामागे बाबांची हातभर उंच मूर्ती, तिच्यापुढे विजेचा दिवा. खोली आहे का? आहे. भाडे ठरले. कारकुनाने ओळखपत्रे मागितली. माझे पाहिले, ठेवले. त्यांचे पाहिले, पुन्हा पाहिले, आत गेला, बाहेर आला आणि म्हणाला, ‘आजोबा, चुकून सांगितलं. खोली भरलीय.’ आम्ही ओसरीवर छत्र्या उघडीत होतो तेवढ्यात एक कुटुंब आत शिरले आणि किल्ली घेऊन जिना चढले.

त्या लॉजचे नाव मी सांगत नाही. सांगून उपयोगही नाही. ‘साई’ म्हटल्यावर शिर्डीत कोणते म्हणून ओळखणार?

माझे डोके भडकले. मी परत फिरणार होतो, पण स्नेह्यांनी माझा हात धरला आणि हसून म्हणाले, ‘मास्तर, राहू द्या. ते बाबा जरी आले असते ना, तरी त्यांच्याकडे कुठलं ओळखपत्र होतं?’ त्या हसण्याने मला जेवढे लाजवले तेवढे आयुष्यात कोणी लाजवलेले नाही.

पुढच्या वळणावर एका चहाच्या गाडीपाशी उभे राहिलो. गाडीवाल्याने वर पाहिले, फडक्याने बाकडे पुसले आणि म्हणाला, ‘या बाबा, बसा. भिजलात की.’ चहा देईपर्यंत त्याने नाव विचारले नाही, गाव विचारले नाही. गाडीवर लाल रंगात वेडेवाकडे लिहिले होते: साई. तेव्हा वाचकहो, माझे भांडण नावाशी नाही. तेच नाव लॉजवर होते आणि तेच गाडीवर होते. गाडीवर त्याच्याबरोबर ‘या’ होता, एवढाच काय तो फरक.

यावर कोणी म्हणेल, पाहुण्याचे नाव लिहून घेणे हा कायदा आहे. असू दे की! नाव वहीत लिहिण्याला माझी ना नाही. नाव तागडीत घालण्याला आहे. दुसरे कोणी म्हणेल, धंदेवाल्याला पोट आहे, त्याने श्रद्धेने नाव दिले तर तुमचे काय गेले? श्रद्धेने दिले असेल तर काहीच गेले नाही. पण दुधावरची साय काढून घ्यायची आणि दूध गटारात ओतायचे, याला श्रद्धा म्हणत नाहीत. तिसरे कोणी म्हणेल, एका कारकुनावरून सारी शिर्डी कशाला झोडता? झोडत नाही. याच शिर्डीत संस्थानच्या प्रसादालयात रोज हजारो माणसे जेवतात, आणि पंगतीत शेजारी कोण बसला हे कोणी कोणाला विचारीत नाही. म्हणजे रीत आम्हाला येते. ती पंगतीपुरती ठेवायची आणि बिछान्याची वेळ आली की विसरायची, हे माझे दुखणे आहे.

आम्हाला नावाचा मूळपुरुषही आता नावनिशीवार हवा झाला आहे. २०२० साली परभणी जिल्ह्यातल्या पाथरीला बाबांचे जन्मस्थान म्हणून शंभर कोटी रुपये देण्याची भाषा झाली, आणि १९ जानेवारीला शिर्डी बंद राहिली. पाथरीकरांचे प्रेम खोटे नव्हते. शिर्डीकरांची चीडही समजण्यासारखी होती. पण ज्याने जन्माचा दाखला जाणूनबुजून दिला नाही, त्याचा दाखला आम्ही त्याच्या मागे शंभर वर्षांनी फाडून देऊ पाहतो, याचा अर्थ काय? गाव कळले की जात विचारता येते, जात कळली की दार लावता येते. ते दार लागू नये म्हणूनच तर तो गप्प राहिला असावा. १९१८च्या दसऱ्याला तो गेला तेव्हाही देह कोठे ठेवायचा यावर दोन समाजांत वाद झालाच. अखेर नागपूरच्या बुटींनी मुरलीधरासाठी बांधलेल्या वाड्यात त्याला जागा मिळाली. मुरलीधराच्या घरात फकीर राहायला आला, आणि कोणी म्हटले नाही की खोली भरलेली आहे.

दिवाळीच्या दिवसांत शिर्डीची एक गोष्ट घरोघर सांगतात. वाण्यांनी तेल नाकारले आणि बाबांनी पाणी घालून रात्रभर पणत्या पेटवल्या. चमत्कार खरा की कसा, हे ज्याचे त्याने ठरवावे. मला त्यातले तेल नाकारणारे वाणी आठवतात. त्या गोष्टीत आपण स्वतःला नेहमी पणतीच्या बाजूला धरतो. दुकानाच्या बाजूला कधीच धरीत नाही! आणि आणखी एक आठवते: नांदेडहून आलेले अब्दुलबाबा लेंडीबागेतला बाबांचा दिवा वर्षानुवर्षे सांभाळीत. आज ते पावसात भिजत त्या लॉजच्या गल्ल्यापुढे उभे राहिले असते, तर कारकुनाने त्यांचे ओळखपत्र कितीदा उलटून पाहिले असते?

म्हणून पाटी रंगवणाऱ्या कारागिरांना आणि पाळण्याची दोरी धरणाऱ्या आत्याबाईंना माझी एकच विनंती आहे. नाव खुशाल ठेवा. मुलाला ठेवा, दुकानाला ठेवा, गाडीला ठेवा. पण हे नाव वारशाने मिळत नाही, कर्जाने मिळते. ज्याने ते घेतले त्याच्या डोक्यावर एका ‘या’चे देणे असते, आणि ते रोज, दारात येईल त्याला, फेडायचे असते. ज्याला फेडणे जमणार नाही त्याने पाटीवर स्वतःचे आडनाव घालावे. त्यात कमीपणा मुळीच नाही.

या चार दिवसांत तुमच्या घरीही कोणीतरी दार वाजवील. पोस्टमन येईल, पोस्त मागणारा येईल, पत्ता चुकलेला एखादा म्हातारा येईल. नाव मागाहून विचारा. आधी ‘या’ म्हणा.