पाडव्याची खरेदी आणि भिंतीचे माप

वसुबारसेची पणती लागली की घरोघर दोन याद्या तयार होतात. एक फराळाची, दुसरी खरेदीची. पहिली यादी आईच्या किंवा आजीच्या मुखोद्गत असते. दुसरी मात्र अलीकडे वृत्तपत्रांतील जाहिराती आणि हातातील भ्रमणध्वनी यांच्या तंत्राने लिहिली जाते. साडेतीन मुहूर्तांपैकी अर्ध्या मुहूर्ताचा मान ज्या बलिप्रतिपदेला दिला जातो, त्या दिवशी घरात नवी वस्तू यावी, तिला हळदकुंकू वाहावे, ही आपल्याकडील जुनी रीत. पूर्वी ते तांब्याचे घंगाळ असे, नंतर शिलाई यंत्र झाले, पुढे रेडिओ झाला. आज बहुतेक याद्यांत दूरचित्रवाणी संच असतो. सणाच्या पानावर यंत्राची चर्चा कशाला, असे काही वाचकांना वाटेल. परंतु देव्हारा ज्या भिंतीला आहे त्याच भिंतीवर जी वस्तू टांगावयाची, तिचा विचार सणाच्या दिवशी करणे अप्रस्तुत आहे असे आम्हांस वाटत नाही.

गेल्या पंधरवड्यात आम्ही वेसाव्याच्या धक्क्यावरून तरीने मढला गेलो. रस्त्याने जावयाचे तर मालाड गाठून मार्वेच्या वाटेने मोठा वळसा पडतो. तरीने काही मिनिटांचे काम. आमच्या शेजारी एक कोळी मायलेक बसले होते. मुलगा भ्रमणध्वनीवर पंचावन्न इंची संचाचे चित्र आईला दाखवीत होता. शून्य टक्के व्याज, अठरा हप्ते, आज काहीही भरावयाचे नाही, असे तो मोठ्या उमेदीने सांगत होता. आईने चित्र पाहिले, किंमत विचारली नाही. तिने एवढेच विचारले, "मंग देवारा कुठं ठेवाचा?" मुलगा हसला, आम्हीही हसलो. परंतु उतरून हरबादेवीच्या देवळाकडे चालू लागल्यावर तो प्रश्न आमच्याबरोबर चालत राहिला. ओळख झालीच होती. परतताना त्यांच्या आग्रहावरून आम्ही त्यांच्या घरी चहाला गेलो.

खोली दहा बाय बाराची. पूर्वेच्या भिंतीला देव्हारा, त्याखाली समई. देव्हाऱ्याच्या कडेपासून दाराच्या चौकटीपर्यंत मोकळी भिंत जेमतेम चार फूट. संचाचा इंच हा कर्णाचा, म्हणजे एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंतचा मोजतात. म्हणून पंचावन्न इंची संचाची नुसती काच रुंदीला चार फूट भरते, चौकट वेगळी. तो तेथे लावावयाचा तर दार अर्धे झाकावे लागेल किंवा देव्हारा हलवावा लागेल. बत्तीस इंची संच रुंदीला अडीच फुटांच्या आत आणि उंचीला सुमारे सोळा इंच. तो लावून देव्हाऱ्याच्या बाजूला हातभर भिंत मोकळी राहते, आणि ती राहणे आवश्यकही आहे. समईची काजळी आणि उदबत्तीचा धूर सतत लागला तर काचेवर थर साचतो. ओल्या फडक्याने तो पुसू गेल्यास पडदा खराब होण्याचे भय असते.

भिंतीचे हे माप घेऊन झाल्यावर मुलाने आमच्यापुढे खरा मुद्दा ठेवला. तो म्हणाला, लहान पडद्यावर स्पष्ट दिसत नाही, आणि आता सगळे हाय डेफिनिशनचे दिवस आहेत. तरुण मंडळींचा हा समज सार्वत्रिक आहे. तो थोडा उलगडून पाहिला पाहिजे.

चित्राची स्पष्टता पडद्याच्या आकारावर अवलंबून नसते. ती दोन गोष्टींवर असते: चित्र किती बारीक ठिपक्यांचे आहे आणि पाहणारा किती दूर बसला आहे. बाजारात ज्याला 'एचडी रेडी' म्हणतात त्या बत्तीस इंची संचात बहुधा ७६८ ओळी असतात. 'फुल एचडी'त १,०८०. निरोगी डोळा ज्या अंतरापर्यंत दोन ठिपके वेगळे ओळखू शकतो, त्या हिशेबाने बत्तीस इंची 'एचडी रेडी' पडद्याचे ठिपके सहा फुटांपलीकडे दिसेनासे होतात. मढच्या त्या खोलीत समोरच्या भिंतीला पाठ टेकून बसले तर अंतर आठ फूट पडते. तेथून 'एचडी रेडी' आणि 'फुल एचडी' यांतील भेद ओळखणारा डोळा विरळा. संचावर संगणक जोडावयाचा नसेल किंवा चार फुटांवर बसून पाहावयाचे नसेल, तर त्यासाठी जादा पैसे मोजण्याचे कारण नाही.

मोठ्या पडद्याची गोष्ट याच्या उलट असते, हे दुकानदार सहसा सांगत नाही. दूरदर्शनच्या मुक्त डिशवरील बहुतेक वाहिन्या आजही साध्या, म्हणजे ५७६ ओळींच्या चित्राच्या असतात. हेच चित्र पंचावन्न इंचांवर ताणले की आठ फुटांवरून ते फिके, विरलेल्या धोतरासारखे दिसू लागते. ते नीट दिसावयास तेरा फूट मागे सरावे लागेल, आणि तेरा फूट मागे म्हणजे त्या घराच्या ओटीवर. तेच चित्र बत्तीस इंचांवर आठ फुटांवरून स्वच्छ दिसते. दुकानात जे झगझगीत फुलपाखरू संचावर फडफडत असते ते मुद्दाम उच्च प्रतीचे चित्रण असते. घरी कीर्तन लागणार असेल तर दुकानातही साधी वाहिनी लावून पाहावी.

आजीच्या मोतीबिंदूचा विषयही निघाला. मोठा पडदा वृद्धांना सोपा जातो, हे मुलाचे म्हणणे खोटे नव्हते. अक्षरे मोठी दिसतात हे खरेच. परंतु अंधुक डोळ्याला ठिपक्यांच्या संख्येने काही मिळत नाही. आजीचा पाट दोन फूट पुढे सरकविला की पुष्कळ काम होते.

येथे आम्हांस जुने दिवस आठवल्यावाचून राहत नाहीत. २ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबई दूरदर्शन केंद्र सुरू झाले. त्या काळी वीस इंची कृष्णधवल संच ही श्रीमंती होती. संचाला सरकारी परवाना लागे. गच्चीवर अँटेना, अँटेनावर कावळा आणि पडद्यावर मुंग्या! एकाने वर जाऊन अँटेना फिरवावयाची, दुसऱ्याने खिडकीतून ओरडून सांगावयाचे. तरीही 'आमची माती, आमची माणसं', 'गजरा' आणि 'छायागीत' पाहावयास ज्याच्या घरी संच त्याच्या घरी अवघी वाडी लोटे. २५ जानेवारी १९८७ पासून रामानंद सागर यांचे 'रामायण' रविवारी सकाळी दिसू लागले, तेव्हा लोक स्नान करून, संचाला हार घालून बसत. कित्येक घरांत तो संचही लहान आणि कृष्णधवलच होता. श्रीरामाचा पितांबर पिवळा आहे हे पाहणाऱ्याने स्वतःच जाणावयाचे होते, आणि तो जाणत असे. मार्च २०२० मध्ये टाळेबंदीच्या काळात तीच मालिका पुन्हा दाखविली गेली, तेव्हा देवळे बंद होती आणि घरातील संचाभोवती तीन पिढ्या बसल्या होत्या. तेव्हा बत्तीस इंचांना 'लहान' म्हणताना आमची जीभ जरा अडखळते.

त्या जुन्या संचांना आणखी एक गोष्ट असे: लाकडी कपाट आणि त्याचे सरकते दार. तिन्हीसांजेला दिवा लावताना आई ते दार ओढून घेई. शुभंकरोती, परवचा, मग जेवण. त्यानंतर दार उघडले तर उघडले. आताच्या संचाला दार नाही. मढच्या त्या आईने मात्र स्वतःहूनच सांगितले की नवा संच आला म्हणजे ती त्याला जुन्या लुगड्याचा पडदा शिवणार आहे. आम्हांस ही सूचना कोणत्याही जाहिरातीतील सोयीहून अधिक आवडली.

आता पैशाचे. घरात खरा पेच होता तो हाच. साधारण आठ-दहा हजारांपासून पंधरा हजारांपर्यंत बत्तीस इंची संच मिळतात. पंचावन्न इंचांना त्याच्या दुप्पट-तिप्पट आणि क्वचित त्याहूनही अधिक पडते. मुलाच्या भरवशाचा आधार म्हणजे 'शून्य टक्के व्याज'. रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१३ मध्येच बँकांना बजावले होते की ग्राहकोपयोगी वस्तूंवरील शून्य टक्के व्याज ही वस्तुतः अस्तित्वात नसलेली कल्पना आहे. व्याज प्रक्रियाशुल्काच्या रूपाने घेतले जाते. कधी रोखीने मिळणारी सूट हप्त्याने घेणाऱ्याला नाकारली जाते, तेही व्याजच. म्हणून दुकानात पहिला प्रश्न एकच विचारावा: सगळे पैसे आजच दिले तर किंमत काय?

करकपातीच्या जाहिरातींचाही असाच उलगडा केला पाहिजे. २२ सप्टेंबर २०२५ रोजी, घटस्थापनेच्या दिवशी, दूरचित्रवाणी संचांवरील वस्तू व सेवा कर २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला, हे खरे. परंतु तो बत्तीस इंचांहून मोठ्या संचांपुरता. बत्तीस इंची संचांवर १ जानेवारी २०१९ पासूनच १८ टक्के कर आहे. त्या कपातीचा फायदा लहान संचावर देत आहोत असे कोणी सांगू लागला तर त्याच्याकडे सौम्यपणे पाहावे.

परंतु मढसारख्या गावात हप्त्याला याहून मोठी अडचण आहे, आणि ती शहरातील पगारदारांच्या ध्यानी येत नाही. कोळ्याचे वर्ष बारा महिन्यांचे नसते. जून आणि जुलै मासेमारी बंद. होडी किनाऱ्यावर, जाळी दुरुस्तीला. नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ अर्पण होतो, मग घरात पुन्हा पैसा येऊ लागतो, आणि तो दिवाळीपर्यंत जरा स्थिरावतो. पाडव्याला घेतलेल्या वस्तूचे अठरा मासिक हप्ते या बंदीतून गेल्यावाचून राहत नाहीत. दिवाळीत दिवा लावून आणलेली वस्तू आषाढात सावकारासारखी दारात उभी राहते. मुलाने हा हिशेब बोटांवर केला तेव्हा तो थोडा वेळ गप्प झाला. आईने चहाचे कप उचलले. शिल्लक टाकलेले पैसे किती आहेत ते तिने आम्हांसमोर सांगितले नाही, व आम्हीही विचारले नाही.

मढच्या वाऱ्याविषयी दोन शब्द. समुद्र पश्चिमेला असल्याने खारे वारे थेट घरात शिरतात. विजेच्या पिना आणि मागच्या जोडण्या गंजण्याचे प्रकार किनाऱ्यावर नेहमीचे. म्हणून संच समुद्राच्या खिडकीसमोर लावू नये. न वापरलेल्या जोडण्या झाकून ठेवाव्यात. मुक्त डिशची तबकडी मुंबईत आग्नेयेकडे तोंड करून बसते, म्हणजे मढमध्ये ती खाडीच्या बाजूला पाहते. हा एक निसर्गदत्त फायदाच. तबकडी आणि पेटी यांचा खर्च एकदाच, महिन्याचे शुल्क नाही. आषाढीच्या पहाटेची पंढरपूरची महापूजा सह्याद्री वाहिनीवर त्यात दिसते, आणि त्या माउलीला हवे होते ते मुख्यतः तेवढेच.

खरेदीच्या वेळी पाहावयाच्या बाकीच्या गोष्टी थोडक्या आहेत. खोक्यावर भारतीय मानक ब्युरोचा नोंदणी क्रमांक आणि विजेच्या वापराची तारांकित पट्टी असावी. असा संच साधारणपणे चाळीस-पन्नास वॅट वीज घेतो, जुन्या छतपंख्याहून कमी. पातळ संचांचा आवाज पत्र्यासारखा येतो, म्हणून दुकानात ढोलताशे नव्हे तर बोलणारा माणूस लावून ऐकावा. निरूपण ऐकू येत नसेल तर बाकीचे गुण व्यर्थ. एचडीएमआयची दोन तरी पोर्ट असावीत, म्हणजे पुढे संच मंद पडला तरी बाहेरून नवे साधन जोडता येते. हमीपत्रावर दुकानाचा शिक्का घ्यावा, आणि दुरुस्तीसाठी कारागीर मढपर्यंत येतो की संच मालाडला न्यावा लागतो, हे तेथेच विचारून घ्यावे. हा प्रश्न बहुतेकांना संच बिघडल्यावर सुचतो.

मढच्या वाटेवर ज्या बंगल्यांतून मालिकांचे चित्रीकरण चालते, त्यांचे दिवाणखाने प्रचंड असतात. पायऱ्या फिरत फिरत वर जातात. तेच दिवाणखाने रात्री शेजारच्या दहा बाय बाराच्या खोलीत पडद्यावर उमटतात, आणि त्या खोलीतल्या माणसाला आपली भिंत लहान वाटू लागते. मोठ्या पडद्याच्या हट्टाचे मूळ कोठे आहे याचा आम्ही विचार करीत होतो. ते कदाचित फार दूर नसावे.

परवा त्याच तरीवर तो मुलगा पुन्हा भेटला. बरोबर आई होती आणि दोघांच्या मध्ये एक खोके उभे होते, बत्तीस इंची. पैसे एकरकमी दिले होते. तरवाल्याने वाऱ्याच्या भीतीने खोके आडवे करावयास सांगितले, तेव्हा मुलाने मान हलविली. पातळ काचेचा संच आडवा ठेवू नये, असे त्यास दुकानात बजावले होते. मग मढचा धक्का येईपर्यंत दोघांनी दोन बाजूंनी खोके उभेच धरून ठेवले. आईच्या दुसऱ्या हातात फुलांची पुडी होती. पाडव्यापर्यंत खोके उघडणार नाही, असे ती म्हणाली.