तुझा क्लास कोणता?

मे महिन्यात यवतमाळात दुपारी बारा ते पाच घराबाहेर पडणं म्हणजे जिवावरचं काम. खिडक्यांना जाड पडदे, कूलरच्या वाळ्याचा ओला वास आणि घरात सुट्टीला आलेली पोरं. यंदा ही पोरं पुढच्या खोलीत सतरंजीवर बसून तीन दिवस भांडत होती. ‘तुझा क्लास कोणता?’ ‘मला क्लासच नको!’ मला वाटलं, शिकवणीचा विषय चालला असेल. नुकताच दहावीचा निकाल लागलेला, तेव्हा असणारच. म्हणून कौतुकानं डोकावलो, तर मध्यभागी वीस बाजूंचा एक फासा, पेन्सिली, कागद, आणि वाद चालला होता तो जादूगारानं चिलखत घालावं की नाही यावर!

पुण्याहून आलेल्या नातवानं मला खेळ समजावला. यात पट नसला तरी चालतो. एक जण गोष्ट सांगणारा सूत्रधार. त्याला ही मुलं ‘डीएम’ म्हणतात. (उत्तरेत कलेक्टरला डीएम म्हणतात, त्यामुळे मी उगीचच सावरून बसलो.) बाकीचे गोष्टीतली पात्रं. समोर दरी आली, राक्षस आला, कुलूपबंद दार आलं, की ज्यानं त्यानं आपण काय करतो ते सांगायचं आणि जमलं की फसलं ते फाशानं ठरवायचं. मात्र सुरुवातीलाच प्रत्येकानं आपला ‘क्लास’, म्हणजे वर्ग निवडायचा. अमेरिकेत १९७४ साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ नावाचा हा खेळ काढला, तेव्हा वर्ग तीनच होते : लढवय्या, जादूगार आणि धर्मगुरू. पुढच्या वर्षी चोर आला. तेव्हाच्या जादूगाराला खंजिराखेरीज शस्त्र चालत नसे आणि धर्मगुरूला धारेचं हत्यार वर्ज्य. २०१४ च्या आवृत्तीच्या मूळ पुस्तकात हे वर्ग बारा झाले.

बारा! हा आकडा ऐकल्यावर माझ्या पिढीच्या माणसाला काय आठवणार? सुतार, लोहार, कुंभार, न्हावी, परीट... त्रिंबक नारायण आत्र्यांनी १९१५ च्या ‘गावगाडा’त ज्यांचा हिशेब मांडला ते बलुतेदार. ज्यानं त्यानं ठरलेलं काम करायचं, सुगीला आपला वाटा न्यायचा आणि बापाचं काम मुलानं उचलायचं. त्यामुळे यवतमाळात राहणारी माझी नात जेव्हा म्हणाली, ‘‘काऊन आबा? माझ्या चोराला मंत्र आले तर कोणाचं काय बिघडते?’’ तेव्हा मी मनातून पटकन तिच्या बाजूला गेलो.

याला माझं स्वतःचंही एक कारण आहे. नोकरीची बरीच वर्षं मी कापसाची प्रतवारी करण्यात घालवली. १९७२ पासून आपल्या राज्यात कापसाची एकाधिकार खरेदी होती, तो काळ ज्यांनी पाहिला त्यांना त्या बैलगाड्यांच्या रांगा सांगायला नकोत. गाडीत हात घालायचा, बोंडाचा धागा ओढून लांबी पाहायची, ओल किती, कवडी किती, पालापाचोळा किती ते बघायचं आणि प्रत सांगायची. वर्षभराच्या कष्टाचा भाव माझ्या तोंडच्या एका शब्दावर. एकदा एक म्हातारा म्हणाला, ‘‘साहेब, खालूनही पाहा ना.’’ मागे तीस गाड्या उभ्या होत्या. मी खालून पाहिलं नाही. वरच्या कापसावरून खालची प्रत सांगून मोकळा झालो. ज्यानं हे केलेलं आहे त्याला वर्ग पाडणारे नियम गोड लागत नाहीत.

आणि नातीचं म्हणणं नवीनही नाही. १९७८ च्या ‘रूनक्वेस्ट’ खेळानं वर्ग काढूनच टाकले. तिथं जो जे करील ते त्याला येत जातं. तलवार यशस्वीपणे वापरली, तर शेवटी पुन्हा फासा टाकायचा आणि अंगच्या कौशल्याच्या आकड्याहून जास्त पडलं तरच कौशल्य वाढायचं. म्हणजे माणूस जितका तरबेज, तितकं त्याला पुढे शिकणं कठीण. कोणत्याही जुन्या गवयाला किंवा गवंड्याला हे पटेल. १९८६ च्या ‘गर्प्स’मध्ये तर सरळ बाजार. ठरावीक गुण हातात घ्यायचे आणि त्यातून हवं ते विकत घ्यायचं. अंगात एखादं व्यंग मान्य केलंत तर खर्चायला आणखी गुण मिळतात.

नातवानं डोकं चालवलं. म्हणाला, एक दुपार तुझ्या पद्धतीनं खेळू. प्रत्येकाला शंभर गुण, घ्या काय हवं ते. खेळणारी चौघं : नात, शेजारची दोन भावंडं आणि मागच्या गल्लीतला एक अबोल मुलगा. मी आरामखुर्चीत. तासाभरात झालं असं, की चौघांनीही तलवार घेतली, थोडा मंत्र घेतला, थोडी कुलूप उघडण्याची कला घेतली. पुढे दार आलं, की ज्याचा आवाज मोठा तो फासा उचलणार. राक्षस आला, तरी तोच पुढे. अबोल मुलानं दोन तासांत दोनदा फासा टाकला असेल. त्याच्या कागदावर सगळ्या विद्या होत्या, पण त्यातली एकही अशी नव्हती की जिच्यावाचून कुणाचं अडावं.

दुसऱ्या दिवशी पुन्हा वर्ग आले. अबोल मुलानं धर्मगुरू निवडला. बहुधा बाकीच्यांनी नको म्हटलं म्हणून. नातीचा चोर खड्ड्यात पडून मरणाला टेकला आणि खोलीतली सगळी तोंडं त्या पोराकडे वळली. जखम भरणं फक्त त्यालाच येत होतं. ‘‘मी काय करू?’’ असं तो इतक्या हळू म्हणाला की कूलर बंद करावा लागला. मग त्यानं ते केलं. पुढचा अर्धा तास तो बोलत होता.

इथं माझं मत फिरलं, हे मी कबूल करतो. वर्ग माणसाला बांधतो एवढंच मी आयुष्यभर पाहिलं होतं. तो दुबळ्याला जागाही राखून ठेवतो, हे मला सोळा वर्षांच्या पोरानं दाखवलं. सगळ्यांना सगळं मोकळं ठेवलं की ते बळकटांनाच मोकळं होतं. नात मात्र हटायला तयार नाही. तिचं म्हणणं, सूत्रधारानं आधल्या दिवशी त्या मुलाला एकदा नावानं विचारलं असतं तरी भागलं असतं, त्यासाठी नियम कशाला? तिचं निम्मं खरं आहे. पण घरोघरी चांगला सूत्रधार कुठून आणायचा?

तरीही बलुत्याशी मी याची गल्लत करणार नाही. काम वाटून घेणं वेगळं आणि माणसंच वाटून टाकणं वेगळं, हा फरक डॉ. आंबेडकरांनी १९३६ साली ‘अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट’मध्ये इतका लख्ख मांडला आहे की त्यात भर घालायची गरज नाही. या खेळातला वर्ग पोटी येत नाही, तो निवडता येतो. २००० सालच्या आवृत्तीपासून तर एकेक पायरी चढताना दुसऱ्या वर्गात पाऊल टाकायचीही मुभा आहे. लढवय्या चार पायऱ्या चढून मंत्र शिकू लागला तर त्याला कुणी वाळीत टाकत नाही. फक्त आधीच्या विद्येत तो मागे राहतो, ती किंमत त्यानं मोजायची. निवड आणि परतीची वाट, ही दोन्ही असतील तर मी वर्गाच्या बाजूचा. यातलं एकही नसेल, तर नात म्हणते ते करा.

हे मी नातवाला सांगत होतो तेवढ्यात पुण्याहून जावईबापूंचा फोन आला. अकरावीचा ऑनलाइन फॉर्म भरायचा होता. सायन्स की कॉमर्स की आर्ट्स, हे त्यांनी आधीच ठरवलेलं होतं. वर्गाच्या बाजूनं तीन दिवस कंठशोष करणारा आमचा डीएम फोनवर ‘‘हो बाबा,’’ एवढंच म्हणाला. फोन ठेवल्यावर नातीनं विचारलं, ‘‘तुला कोणतं पाह्यजे होतं?’’ त्यानं उत्तर दिलं नाही. वीस बाजूंचा फासा उचलून हातातल्या हातात खेळवत राहिला.

फॉर्मची मुदत संपायला अजून चार दिवस आहेत. रात्री जावईबापूंना मीच फोन लावणार आहे.