नोंदवही कोणाची?

केंद्र शासनाचे स्मार्ट सिटी अभियान २०१५ साली सुरू झाले आणि ३१ मार्च २०२५ रोजी संपले. पुणे आणि सोलापूर ही शहरे त्याच्या पहिल्याच यादीत होती. या अभियानातून शहरोशहरी नियंत्रण केंद्रे उभी राहिली आणि २०२० च्या महासाथीत त्यांतील अनेक केंद्रांनी खाटा, रुग्णवाहिका व बाधितांची गणना केली. तिचा उपयोग झाला, हे मान्य केलेच पाहिजे. परंतु गणना ज्यांची होते त्यांचा त्या आकड्यांवर अधिकार कोणता, हा प्रश्न मात्र कोणी विचारला नाही.

आटपाडीला हा प्रश्न दूरचा नाही. या दुष्काळी तालुक्यातील माणूस पिढ्यान्‌पिढ्या पोटासाठी बाहेर पडत आला. कोणी कोयता घेऊन उसाच्या फडावर गेला, तर कोणी सोन्या-चांदीच्या गलाईसाठी देशातील दूरदूरच्या शहरांत. भट्टीची धग आणि ॲसिडच्या वाफा सोसून तो सोने शुद्ध करतो. त्याच्या छातीत दुखणे शिरले, तर त्याची नोंद कोठे होते? गावाच्या हिशेबी तो परगावी आहे आणि शहराच्या हिशेबी उपरा.

यावर तोडगा म्हणून २०२१ साली आयुष्मान भारत डिजिटल अभियान आले. चौदा अंकी 'आभा' क्रमांक माणसाबरोबर सर्वत्र जाईल, अशी ही योजना. कल्पना चांगली आहे. पण दुखण्याचे कारण विचारणारा आणि ते लिहून ठेवणारा कोणी नसेल, तर तो क्रमांक रिकाम्या पाकिटावरील पत्त्यासारखाच होय.

बीड जिल्ह्याचा अनुभव ताजा आहे. २०१९ साली नीलम गोऱ्हे समितीच्या चौकशीत ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांपैकी १३,८६१ जणींची गर्भाशये काढल्याचे आढळले. बहुतेक शस्त्रक्रिया खाजगी रुग्णालयांत झाल्या होत्या. शासनाची आरोग्यविषयक माहिती २००८ पासून संगणकावर जमा होत असतानाही या अन्यायाला वाचा फोडली ती वृत्तपत्रांनी आणि कार्यकर्त्यांनी. याचे कारण उघड आहे. आपली यंत्रणा वरच्या कार्यालयाने मागितलेले उद्दिष्टांचे आकडे पुरवते. माणूस कोणत्या श्रमाने आजारी पडला, हे ती क्वचितच विचारते.

आयुष्यभर अर्थशास्त्र शिकविलेल्या माणसाला येथे एक जुनाच व्यवहार दिसतो. कच्चा माल खेड्याने द्यावा आणि पक्क्या मालाचा लाभ दुसऱ्यानेच घ्यावा! ही माहिती दारोदार हिंडून गोळा करणाऱ्या आशा सेविकेला तर शासन आजही आपली कर्मचारी मानत नाही.

आटपाडी पूर्वी औंध संस्थानात होती. त्या संस्थानाने १९३९ साली राज्यघटना स्वीकारून गावाचा कारभार ग्रामपंचायतीच्या हाती दिला. त्याच भूमीतून आज एवढीच मागणी व्हावी : प्राथमिक आरोग्य केंद्राने दर तीन महिन्यांनी गावातील आजार, मृत्यू आणि औषधांचा तुटवडा यांचा हिशेब ग्रामसभेत वाचून दाखवावा, रुग्णाचे नाव मात्र गुप्त राहावे. प्रत्येक नोंदीत व्यवसायाचा रकाना असावा आणि स्थलांतरिताची नोंद तो काम करतो त्या शहरानेही ठेवावी. आशा सेविकेला कायम नोकरी व वेतन मिळावे.

यासाठी अवाढव्य पडद्यांची गरज नाही. नोंदवही कोणापुढे उघडायची, एवढेच ठरवावयाचे आहे.