पाळीपाळीने आजी-आजोबा

मंडळी, आज जरा भांडायचं आहे. लेक हे वाचेलच, पण तिला आधीच फोनवर सांगून झालं आहे.

२०२४ च्या सप्टेंबरात मी लेकीच्या बाळंतपणाला न्यू जर्सीला गेले. एकटीच. हे नाशिकला राहिले. कारण काय, तर हिशोब! अमेरिकेत पाहुण्यांना बहुधा एका वेळी सहा महिने राहू देतात. दोघं एकदम गेलो तर बाळाला सहाच महिने आजी-आजोबा मिळणार, पाळीपाळीने गेलो तर वर्ष निघणार. मी मराठीची शिक्षिका, पण हे गणित मलाही पटलं. त्यात आमचं वर्ष वजा झालंय, हे नंतर कळलं.

२ नोव्हेंबरला पाडवा होता. नाशिकला सकाळचे साडेसहा, माझ्याकडे आदल्या रात्रीचे नऊ. मोबाईलमधल्या चेहऱ्याला ओवाळलं. ४८ वर्षांत पहिल्यांदाच पाडव्याला ह्यांच्या पाठीला माझ्या हातचं तेल लागलं नाही. ह्यांनी पाचशेची नोट कॅमेऱ्यासमोर धरली, म्हणाले, "ही उधारी." हसलो. तेवढ्यात बाळ रडलं, फोन ठेवला.

१४ फेब्रुवारीला लेक-जावई बाहेर जेवायला गेले. जावंच, मीच धाडलं. निघताना लेक म्हणाली, "बरं झालं बाई, तुमच्या वेळी असलं काही नव्हतं." इथे माझं बिनसलं. अगं, पाडवा काय होता मग? तुमच्यापुढे अजून चाळीस पाडवे आहेत. आमच्यापुढे किती, ते मोजायचीही भीती वाटते. एक चुकला तर कोणाचा जास्त गेला?

पाळणाघर महाग आहे, मान्य. अमेरिकेच्या १९९३ च्या केंद्रीय कायद्याने बाळंतपणाला १२ आठवडे रजा मिळते, तीही बिनपगारी. आपल्याकडे २०१७ पासून पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवडे पगारी रजेचा कायदा आहे. म्हणजे तिथल्या कायद्याची कंजुषी भरून काढायची ती नाशिकच्या म्हाताऱ्यांनी! नातवंडाला मांडीवर घेण्याचं सुख मोठंच आहे, पण त्यासाठी नवरा-बायकोने ताटातूट सोसावी, हा कुठला न्याय?

दोष एकट्या मुलांचा नाही. "आमचं काय आता, आमचं झालं सगळं" हे वाक्य आपणच त्यांना शिकवलं. मुलं हुशार निघाली, पाठ केलं. मीही तेच म्हणत होते. मार्चमध्ये मी परतले आणि नवव्या दिवशी ह्यांना विमानतळावर सोडायला गेले, तेव्हा तोंडातून ते वाक्य निघेना.

म्हणून स्पष्ट सांगते. बोलवायचं तर दोघांना एकदम बोलवा. सहाच महिने येऊ, आनंदाने राबू. पुढच्या सहा महिन्यांचं आई-बाप म्हणून तुम्ही बघा. आणि माझ्या वयाच्या मैत्रिणींनो, तिकीट काढण्याआधी एवढी एक अट घालाच.

असो. ती पाचशेची नोट मात्र मी वसूल केली आहे.