उड्डाणसमयी मोबाईल : नियम आणि विवेक

पांढुर्णा-सौंसरच्या पेठेतील व्यापाऱ्यास विमानप्रवास आता नवलाईचा राहिलेला नाही. मोटारीने नागपूरचे सोनेगाव गाठावे आणि त्याच दिवशी दिल्ली, कोलकाता वा मुंबईच्या बाजारात उभे राहावे, हा परिपाठ होऊन बसला आहे. परंतु या प्रवासात आपल्या बंधूंची एक सवय वारंवार दृष्टीस पडते आणि तिच्याविषयी स्पष्ट बोलणे अवश्य वाटते. विमान धावपट्टीकडे वळते, परिचारिका दोनदा सांगून जाते, तरी संत्र्याची गाडी भरली का, भाव काय निघाला, हे संभाषण आवरत नाही. कोणी हटकले तर उत्तर ठरलेले असते : "एका मोबाईलने विमान पडते काय?"

प्रश्न वाजवी आहे आणि त्याचे उत्तर भीती न घालता दिले पाहिजे. प्रवाशाच्या मोबाईलमुळे विमान कोसळल्याचे निर्विवाद सिद्ध झालेले नाही. म्हणूनच अमेरिकेने 2013 च्या ऑक्टोबरात आणि आपल्या नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने 2014 च्या एप्रिलात जुनी सरसकट बंदी सैल करून, 'फ्लाइट मोड'मध्ये ठेवलेली लहान यंत्रे विमान चढता-उतरतानाही वापरण्याची मुभा दिली. मात्र त्या वेळी फोनवर बोलण्याची मुभा दिली नाही, हे आपण सोयीस्करपणे विसरतो.

सराफ सोने तोलताना पंखा बंद करतो. पंख्याने काटा मोडेल असे त्याला वाटत नाही. तोलण्याच्या क्षणी पारडे हलू नये, एवढेच त्यास हवे असते. वैमानिकाचेही तसेच आहे. मोबाईलचा मनोरा दूर पडू लागला की मोबाईल आपला जोर वाढवून त्यास हाका मारीत राहतो. जुन्या मोबाईलजवळ रेडिओ ठेवला असता जी टर्रटर्र ऐकू येई, ती वैमानिकाच्या कानांवरील यंत्रातही उतरू शकते, आणि नेमक्या त्याच वेळी नियंत्रण कक्षाकडून त्यास सूचना येत असतात.

सरकार याबाबत किती जपून वागते पाहा. जमिनीपासूनची उंची मोजणारे विमानातील यंत्र 4200 ते 4400 मेगाहर्ट्झच्या लहरी वापरते. 5जी सेवेच्या 3300 ते 3670 मेगाहर्ट्झच्या लहरी त्यापासून पुष्कळ अंतरावर आहेत. तरीही 2022 च्या नोव्हेंबरात दूरसंचार विभागाने कंपन्यांना कळविले की, धावपट्टीच्या दोन्ही टोकांपासून 2.1 किलोमीटर आणि मध्यरेषेपासून 910 मीटरपर्यंत या लहरींची केंद्रे उभारू नयेत. एवढ्या मोठ्या कंपन्यांनी धंद्याला मुरड घालावी आणि आपल्याला एक फोन आवरू नये, हे पेढीवर बसणाऱ्या माणसाला शोभत नाही.

माझे मत नियमाच्याही थोडे पुढे जाते. फ्लाइट मोडमध्ये चित्रपट पाहण्यास आडकाठी नसली, तरी चढता-उतरताना ती काही मिनिटे मोबाईल खिशात आणि कान मोकळे असावेत. 1949 पासून नागपुरास रात्री चारही दिशांची टपाल-विमाने एकत्र येत. त्यांपैकी एक डाकोटा विमान 12 डिसेंबर 1953 रोजी उड्डाणानंतर लगेच इंजिन बंद पडून कोसळले आणि 13 जण दगावले. त्या काळी मोबाईल नव्हता. अपघाताशी त्याचा संबंध जोडावयाचा नाही. चढत्या विमानात बिघाड झाला तर हाती किती थोडा वेळ उरतो, एवढेच त्यावरून ध्यानी यावे. अशा क्षणी कानात गाणे चालू असलेल्या प्रवाशाला परिचारिकेची हाक ऐकू येणार नाही, आणि तो बहुधा वाटेवरच्या आसनावर बसलेला असतो. (जाता जाता : पॉवर बँक सामानाच्या पेटीत टाकू नये, हातातील पिशवीत ठेवावी. तिने पेट घेतला तर ते निदान दिसते.)

"तेवढ्यात भाव फिरला तर?" असे कोणी विचारील. फिरतोही. पण ज्या पेढीवर तेवढा वेळ निर्णय घेणारा मुलगा, भाऊ वा मुनीम नाही, तिची अडचण विमानातील नियमाने निर्माण केलेली नाही. अमुक भावापर्यंत माल सोडावा, त्याखाली थांबावे, इतके सांगून ठेवावयास फार वेळ लागत नाही. पांढुर्ण्याहून निघा वा सौंसरहून, सावनेर मागे पडेपर्यंत तेवढे फोन करून होतात.